रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल, मग हाड का मोडलं?

गेल्या महिन्यात माझी मावशी घरातल्या घरात पाय घसरून पडली आणि तिच्या मनगटाचं हाड मोडलं. पडणं अगदी साधं होतं. प्लास्टर झालं, रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि रिपोर्ट हातात पडताच तिचा फोन आला : "अगं, कॅल्शियम तर 9.4 आहे, नॉर्मल लिहिलंय. मग हाड मोडलं कसं?"

रक्तात कॅल्शियम ठीक म्हणजे हाडात ठीक, ही समजूत फार पसरलेली आहे. म्हणून तिला फोनवर जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं 99 टक्के हाडांत आणि दातांत. रक्तद्रवात एका वेळी असतं जेमतेम 300 मिलिग्रॅम. आणि शरीर जिवापाड जपतं ते हे 300 मिलिग्रॅम. दर 100 मिलिलिटरला साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम, या पट्ट्याबाहेर ते जाऊ दिलं जात नाही.

एवढी काळजी का, हे ब्रिटिश डॉक्टर सिडनी रिंगर यांच्या प्रयोगातून छान कळतं. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये ते बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून क्षारांच्या द्रावणात धडधडत ठेवत. ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलं आहे, असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात ते नळाच्या पाण्यात केलेलं निघालं! शुद्ध पाण्यात तेच क्षार घालून पाहिले, तर ठोके क्षीण होत थांबले. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम हृदय चालवत होतं. 1883 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. स्नायूंचं आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश, रक्त गोठणं, सगळीकडे कॅल्शियमचे आयन लागतात. रक्तातलं कॅल्शियम घसरलं तर आधी ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, मग स्नायू आखडतात आणि फारच घसरलं तर जिवावर बेततं. हाड थोडं विरळ झालं तर माणूस वर्षानुवर्षं जगतो. निवड करायची वेळ आली की शरीर रक्ताची बाजू घेतं, हाडाची नाही.

पहारा असतो चार परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथींचा. गळ्यात अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या मागे चिकटलेले, तांदळाच्या दाण्याएवढे हे चार ठिपके. त्यांच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे संदेश टिपणारी प्रथिनं, असतात. पातळी किंचित खाली गेली की परावटू संप्रेरक सुटतं. ते मूत्रपिंडाला सांगतं, कॅल्शियम लघवीतून जाऊ देऊ नकोस. मूत्रपिंडातच ड जीवनसत्त्वाला त्याचं कार्यक्षम रूप मिळतं आणि मग आतडं अन्नातून जास्त कॅल्शियम शोषतं. आणि तिसरा हुकूम जातो हाडाकडे. माझा जीव अडकतो तो या तिसऱ्या वाटेत.

हाडाला कॅल्शियमचं कोठार म्हणतात, पण हे कोठार विचित्र आहे. इथे धान्य आत रचलेलं नाही, भिंतीच धान्याच्या आहेत. कोलॅजेन या प्रथिनाचे दोर विणलेले आणि त्यांत कॅल्शियम-फॉस्फेटचे, म्हणजे हायड्रॉक्सिॲपटाइटचे, सूक्ष्म स्फटिक गच्च बसवलेले. क्षणोक्षणीची किरकोळ देवघेव हाडाच्या पृष्ठभागावरून होते. मोठी रक्कम काढायची तर मात्र भिंत फोडावीच लागते.

ती फोडतात अस्थिभंजक पेशी, ऑस्टिओक्लास्ट. पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या कित्येक पेशी एकमेकींत विरघळून ही एक अवाढव्य, अनेक केंद्रकांची पेशी होते. ती हाडावर येऊन बसते आणि कडेने स्वतःला घट्ट चिकटवून घेते, जणू फरशीवर उपडी घातलेली वाटी. आतली जागा बाहेरच्या जगापासून पूर्ण बंद. वाटीच्या आतल्या बाजूला पेशीचं आवरण असंख्य चुण्यांचं होतं आणि त्या चुण्यांवर प्रोटॉनचे पंप बसतात. पेशीच्या आत कार्बनिक अनहायड्रेज नावाचं विकर (एन्झाइम) कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून प्रोटॉन आणि बायकार्बोनेट तयार करतं. प्रोटॉन पंपातून वाटीत जातात, त्यांच्या मागोमाग क्लोराइड जातं आणि तिथे चक्क हायड्रोक्लोरिक आम्ल साठतं. आंबटपणा पीएच 4.5 च्या आसपास पोहोचतो. स्फटिक विरघळतात, कॅल्शियम आणि फॉस्फेट मोकळे होतात. उघड्या पडलेल्या कोलॅजेनचे तुकडे कॅथेप्सिन के हे विकर करतं. हा सगळा ऐवज पेशी आपल्या पोटातून पलीकडे नेते आणि रक्ताकडे सोडते. तयार झालेलं बायकार्बोनेट दुसऱ्या बाजूने रक्तात जातं, म्हणून स्वतः पेशी आम्लात होरपळत नाही. जठराची युक्ती हाडाच्या आत, केसाच्या जाडीएवढ्या जागेत वापरलेली आहे.

याहून नवल पुढे आहे. परावटू संप्रेरकाचा ग्राहक प्रामुख्याने या फोडणाऱ्या पेशीवर नसतो. तो असतो हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्टवर आणि हाडात रुतून बसलेल्या ऑस्टिओसाइटवर. हुकूम मिळाल्यावर त्या 'रँकएल' नावाचं प्रथिन पुढे करतात, ते भावी ऑस्टिओक्लास्टच्या 'रँक' या ग्राहकाला भिडतं आणि फोडकाम सुरू होतं. भिंत पाडायची परवानगी गवंडीच देतो! त्यामुळे पाडणं आणि बांधणं एकमेकांना बांधलेलं राहतं. हेच संप्रेरक सतत वाढलेलं राहिलं तर हाड झिजतं, आणि दिवसातून एकदा छोट्या डोसमध्ये टोचलं तर हाड वाढतं. टेरिपॅराटाइड हे औषध याच गुणावर उभं आहे.

फोडकाम हा रोग नव्हे, हेही सांगायला हवं. ऑस्टिओक्लास्ट निकामी असतील तर ऑस्टिओपेट्रोसिस हा आनुवंशिक आजार होतो. हाडं संगमरवरासारखी दाट होतात, तरी चटकन मोडतात, कारण जुनं, तडे गेलेलं हाड काढून टाकणारं कोणी नसतं. एका ठिकाणचं फोडकाम दोन-तीन आठवड्यांत संपतं, तो खड्डा भरायला तीन-चार महिने लागतात. दरवर्षी सांगाड्याचा साधारण दहावा भाग असा नवा होतो. पाळी थांबल्यावर ऑस्टिओक्लास्टवरचा इस्ट्रोजेनचा लगाम सैल होतो, खड्डे जास्त पडतात आणि प्रत्येक खड्डा पुरता भरत नाही. मावशीचं वय आहे 61.

नखांवरचे पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी, बोटं कडकड वाजतात म्हणजे कॅल्शियम कमी, हे दोन्ही साफ खोटं आहे. नख केराटिनचं असतं आणि बोटांचा आवाज सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या बुडबुड्याचा. 'थेट हाडात जाणारं' कॅल्शियम विकणाऱ्या जाहिरातींचा तर मला मनापासून राग येतो. पोटातून थेट हाडात जाणारी वाटच नाही. कोणतीही गोळी आतड्यातून रक्तात येते, आणि हाड तिचं काय करणार हे संप्रेरकं, ड जीवनसत्त्व आणि हाडावर पडणारा भार ठरवतात. भार नसेल तर काय होतं ते अंतराळवीरांत दिसतं : व्यायामाची जोड नसेल तर खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं.

आता मावशीच्या 9.4 कडे. ड जीवनसत्त्व कमी असेल तर आतडं अन्नातलं जेमतेम 10 ते 15 टक्के कॅल्शियम घेतं. रक्तातली पातळी घसरायला लागते, परावटू ग्रंथी जोर लावतात, हाडातून भरपाई होते आणि रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येतं. तो आकडा हाडाचा खर्च दाखवतच नाही. हाडाची घनता कळायला डेक्सा तपासणी लागते. ती आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचार, असं मी मावशीला सांगितलं. सोबत परावटू संप्रेरकाबद्दलही विचार म्हटलं, कारण 9.4 टिकवायला त्या चार दाण्यांना किती राबावं लागतंय, ते तिथे दिसतं.