विटाळ आणि पाप: चर्चच्या दारात झालेला घोळ

माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला ऑफिसमधली एक मैत्रीण पुण्याहून वसईला आली होती, काठापदराची साडी-बिडी नेसून एकदम तयार, आणि चर्चच्या पायऱ्यांपाशी येऊन थबकलीच. मला बाजूला ओढून हळूच म्हणते, "अगं मला आज सकाळीच पाळी आलीय, आत आलेलं चालतं का तुमच्यात?" मी म्हटलं चालतं की, चल. दोन पावलं आली आणि दाराशी भिंतीत बसवलेल्या दगडी वाटीत लोक बोटं बुडवून कपाळाला लावतायत ते बघून परत थांबली. "चालतं तर मग हे पाणी कशाला? शुद्ध होऊनच आत जायचं असणार ना?"

नवरी गाडीतून उतरत होती म्हणून तेव्हा काही बोलत बसले नाही. पण प्रश्न एकदम बरोबर होता आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या अर्ध्या लोकांनाही त्याचं उत्तर नीट येत नाही, कारण अशुद्ध असणं आणि पापी असणं या दोन गोष्टी आपण एकाच डब्यात भरून ठेवल्यात. बायबलमध्ये त्या वेगळ्या आहेत. वेगळं खातं, वेगळा हिशोब, वेगळा इलाज.

मराठी माणसाला हे समजायला खरं तर सोपं आहे कारण आपल्याला सुतक माहितीय. घरात कोणी गेलं की दहा दिवस सुतक, मूल झालं की सोयर, देवाला हात लावायचा नाही, देवळात जायचं नाही. यात कोणी काही गुन्हा केलाय का? आजोबा वारले ही नातवाची चूक नाही आणि बाळ झालं ही तर आनंदाची गोष्ट, पेढे वाटतो आपण. दिवस भरले, डोक्यावरून पाणी घेतलं, संपलं. सुतकात कोणी माफी मागत नाही, मागणार तरी कोणाची आणि कशाबद्दल.

जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, लेवीय म्हणून पुस्तक आहे, त्याचे ११ ते १५ हे अध्याय अगदी याच जातीचे आहेत. मुलगा झाला तर आई ७ दिवस अशुद्ध आणि वर ३३ म्हणजे ४०, मुलगी झाली तर १४ आणि ६६ म्हणजे ८० (डबल का, ते तिथं दिलेलं नाही, मला विचारू नका). पाळीचे ७ दिवस. प्रेताला हात लागला तरी ७, हे गणना नावाच्या पुस्तकात येतं. मेलेला उंदीर किंवा पाल मातीच्या भांड्यात पडली तर भांडं फोडून टाकायचं, पण तीच लाकडी वस्तूवर, कापडावर, चामड्यावर पडली तर ती वस्तू पाण्यात टाकून ठेवायची आणि संध्याकाळी ती शुद्ध. आपल्याकडच्या जुन्या आज्यांना यातलं काही शिकवायला लागलं नसतं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, अध्याय १४. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग पडले तर काय करायचं! म्हणजे आपल्याकडे जुलैमध्ये ओल येऊन बुरशी धरते ना तसंच काहीतरी. मालकानं जाऊन याजकाला (म्हणजे पुरोहिताला) सांगायचं, याजक बघायला यायच्या आधी घर रिकामं करायचं (कारण तो एकदा अशुद्ध म्हणाला की आतलं सगळं सामानही अशुद्ध, त्यामुळे गाद्या-भांडी आधीच बाहेर काढा, किती प्रॅक्टिकल विचार आहे बघा), मग घर ७ दिवस बंद, डाग पसरला असेल तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, भिंत खरवडायची, नवा गिलावा करायचा. एवढं करूनही डाग परत आलाच तर घर पाडायचं. आणि या डागाला हिब्रूत शब्द कुठला, तर माणसाच्या कातडीवरच्या रोगाला जो आहे तोच, ज्याचं मराठी बायबलमध्ये कुष्ठ किंवा महारोग झालंय. आता भिंत काय पाप करणार? भिंतीनं कोणाचे पैसे बुडवले? एवढ्या एका उदाहरणावरून कळतं की या खात्यात चारित्र्याचा संबंधच नाहीये. उलट मूल होऊ देणं, मेलेल्याला माती देणं ही तर कर्तव्यं, ती केली की माणूस अशुद्ध होतो, आणि न करणारा चुकतो.

पापाचं खातं उघडून बघा, त्याच पुस्तकात, अध्याय ६. कोणी शेजाऱ्याची ठेव दाबली, सापडलेली वस्तू लपवली, खोटी शपथ घेतली तर त्यानं काय करायचं? आंघोळ नाही, संध्याकाळपर्यंत थांबणं नाही. घेतलेलं पूर्ण परत करायचं, वर पाचवा हिस्सा म्हणजे २० टक्के जास्त, तेही ज्याचं त्याला नेऊन द्यायचं, मग मेंढा घेऊन याजकाकडे जायचं आणि मग क्षमा. अशुद्धता शिवून लागते, पाप शिवून लागत नाही, चोराशी हात मिळवला म्हणून कोणी चोर होत नाही. अशुद्धता वेळ गेला की उतरते, पाप कितीही वर्षं गेली तरी तिथंच बसलेलं असतं जोवर कोणीतरी क्षमा करत नाही.

येशूच्या गोष्टीत हे दोन्ही प्रकार अक्षरशः शेजारी शेजारी आलेत. मार्कनं लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, पहिल्या अध्यायाच्या शेवटी एक कुष्ठरोगी येतो आणि म्हणतो तुमची इच्छा असेल तर मला शुद्ध करू शकता. येशू हात पुढे करून त्याला शिवतो (शिवतो! हे त्या काळी अंगावर काटा आणणारं होतं) आणि म्हणतो शुद्ध हो, आणि वर सांगतो की याजकाला जाऊन दाखव. क्षमेचा एक शब्द नाही. लगेच दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमच्या घरात गर्दी एवढी की चार जण लकवा झालेल्या माणसाला छप्पर उकरून वरून खाली सोडतात, आणि त्याला येशू म्हणतो मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली. आता शास्त्री लोक, म्हणजे धर्मशास्त्राचे पंडित, भडकतात, देवाशिवाय पापाची क्षमा करणारा हा कोण? कुष्ठरोग्याच्या गोष्टीत ही ओरड नव्हती. कारण शुद्ध झालास हे याजक रोज सांगायचे, पण क्षमा झाली हे स्वतःच्या अधिकारात सांगणं म्हणजे देवाच्या खुर्चीत बसणं.

आणि मग मार्कच्याच पाचव्या अध्यायातली ती बाई, १२ वर्षं रक्तस्राव असलेली, डॉक्टरांपायी सगळा पैसा गेलेला. नियमानं ती १२ वर्षं अशुद्ध. गर्दीत मागून येऊन ती येशूच्या झग्याला हात लावते, पकडली जाते, थरथर कापत सगळं खरं सांगते. येशू तिला मुलगी म्हणतो, तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं म्हणतो, शांतीनं जा म्हणतो. तुझ्या पापांची क्षमा झाली असं म्हणत नाही. मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला विचाराल तर त्या न म्हटलेल्या वाक्यात आहे.

मग घोळ झाला कुठे? पहिला तर भाषेत. बाळंतिणीनं ४० किंवा ८० दिवसांनी जे अर्पण द्यायचं त्याला हिब्रूत 'हत्तात' म्हणतात आणि पापालाही तोच शब्द, त्यामुळे मराठीत ते पापबली, पापार्पण असं उतरलं आणि वाचणाऱ्याला वाटतं की बाळंत होणं हेच पाप. दुसरं म्हणजे पापाबद्दल बोलताना लोकांनी धुण्याची भाषा उचलली. बायबलमधलं स्तोत्र ५१ घ्या, दावीद राजानं दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला लढाईत पुढं पाठवून मारवला, त्यानंतरचं म्हणून ते गायलं जातं, आणि त्यात तो म्हणतो एजोबानं मला शुद्ध कर, मला धू म्हणजे मी बर्फाहून पांढरा होईन. एजोब ही झुडपाची फांदी प्रेताच्या आणि कुष्ठाच्या शुद्धीकरणात पाणी किंवा रक्त शिंपडायला वापरायचे. म्हणजे दावीद दुसऱ्या खात्यातली उपमा उसनी घेतोय, कारण खुनाला कुठलंच पाणी पुरत नाही हे त्याला माहितीय. पुढं लोक उपमा विसरले आणि पाणीच धरून बसले.

बाप्तिस्मा (पाण्यानं करायचा विधी) करणाऱ्या, येशूच्या काळातल्या योहानाबद्दल तर त्याच शतकात दोन मतं दिसतात. मार्क म्हणतो त्याचा बाप्तिस्मा पापक्षमेसाठी पश्चात्तापाचा होता, आणि योसेफस हा यहुदी इतिहासकार म्हणतो तो पापं माफ व्हायला नव्हताच, आत्मा आधीच चांगल्या वागण्यानं शुद्ध झालेला असायचा, पाणी फक्त शरीरासाठी. तेव्हाच हा गोंधळ होता तर आपलं काय घेऊन बसलात.

वसईत वाढलेल्या माणसानं एक गोष्ट हमखास ऐकलेली असते, पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकला, गाव ते पाणी प्यायलं आणि बाटलं. खरी किती खोटी किती ते बाजूला ठेवू, पण गोष्ट चालते कशी ते बघा. चर्चच्या नियमानं विहिरीत पाव टाकून कोणी ख्रिस्ती होऊच शकत नाही, मोठ्या माणसाची स्वतःची तयारी लागते, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावानं पाणी ओतावं लागतं. ती गोष्ट पूर्णपणे विटाळाच्या हिशोबात चालते, शिवलं, पोटात गेलं, झालं. म्हणूनच शब्दसुद्धा बाटला असाच आहे, आणि परत घ्यायच्या विधीला शुद्धी. गावानं स्वतःच्या नियमानं स्वतःच्याच माणसांना बाहेर काढलं, पाव बिचारा निमित्त.

आणि या हिशोबाची सगळ्यात वाईट आवृत्ती म्हणजे जात. लेवीयातली अशुद्धता बहुतेक वेळा संध्याकाळी किंवा आठवड्यात उतरते, राजापासून याजकापर्यंत कोणालाही लागते. जातीनं काय केलं, विटाळ जन्माला चिकटवला, तो कधीच उतरत नाही म्हणून सांगितलं, आणि वर त्याला मागच्या जन्मीच्या पापाचं कारण जोडलं. दोन्ही खाती एक करून टाकली. संत सोयराबाईंनी देहातच विटाळ जन्मतो तर सोवळा कोण असा सवाल टाकला होता, त्याला कोणी धड उत्तर दिलेलं नाही. नगर, जालना भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांचे पूर्वज महार-मांग वस्त्यांतले, त्यांना विटाळ हा शब्द पुस्तकात वाचायची गरज नव्हती. अर्थात चर्चमध्ये येऊनही जात सुटली असं काही मी म्हणणार नाही, लग्नाच्या गोष्टी निघाल्या की कळतं.

चर्चनं स्वतःही कमी घोळ घातलेला नाही. पोप पहिला ग्रेगरी याचं एक उत्तर बीड नावाच्या इंग्लिश संन्याशानं ७३१ च्या इतिहासात दिलंय, पाळी हा काही बाईचा दोष नाही, तिला चर्चमध्ये यायला अडवू नका. एवढं स्पष्ट असूनही बाळंतिणीला दारातून हात धरून आत घ्यायचा विधी शतकानुशतकं चालला. इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात त्याचं नाव स्त्रियांचं शुद्धीकरण असं होतं, तीनच वर्षांत १५५२ ला ते बदलून बाळंतपणानंतरची उपकारस्तुती केलं. आमच्याकडे २ फेब्रुवारीला मेणबत्त्यांचा सण असतो, नाताळपासून मोजून चाळिसावा दिवस, तो जुन्या कॅलेंडरमध्ये मरियेच्या शुद्धीकरणाचा सण होता, १९६९ च्या सुधारणेत तो प्रभूच्या समर्पणाचा झाला. मेणबत्त्या त्याच.

याच्या उलट्या बाजूचा घोळ जास्त त्रासदायक असतो. क्षमा झाली तरी स्वच्छ वाटत नाही. प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा मार्टिन लूथर मठात असताना तासन्‌तास पापं कबूल करत बसायचा, बाहेर पडला की अजून काहीतरी आठवायचं, त्याची पापं ऐकून ऐकणाराही टेकीला आलेला. आणि कोणी अत्याचार केलेल्या बाईला स्वतःचं अंग घाण वाटतं, ती परत परत आंघोळ करते, लोकही तिला बाटली म्हणतात. तिनं कसली क्षमा मागायची? तिच्या नावावर काही नाहीच, पाप दुसऱ्याच्या खात्यात आहे. हा फरक न कळल्यामुळे किती बायका उगाच कबुलीच्या पिंजऱ्यात जाऊन गुडघे टेकून रडल्या असतील देव जाणे.

दारातल्या वाटीतलं पाणी म्हणजे बाप्तिस्म्याची आठवण, बास. त्यानं आंघोळही होत नाही आणि चोरीची माफीही मिळत नाही. मोठ्या पापासाठी कॅथलिकांत कन्फेशन, म्हणजे फादरपुढे पाप कबूल करणं, गोव्यात त्याला कुमसार म्हणतात, आणि तिथंही पैसे खाल्ले असतील तर फादर आधी म्हणणार परत कर. प्रॉटेस्टंट लोक मधे फादर ठेवत नाहीत पण परत कर हे त्यांचंही आहेच.

तर मैत्रीण आत आली, बोट बुडवलं, मला विचारलं पुसायचं की सुकू द्यायचं, आणि चौथ्या बाकावर माझ्याशेजारी बसली. कम्युनियनला, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला, रांग लागली तेव्हा तिनं खूण करून विचारलं, मी मान हलवली, त्याला बाप्तिस्मा लागतो, पाळीचा काही संबंध नाही. मग म्हणाली, "तू तरी जा." मी गेले नाही. येशूनं सांगून ठेवलंय की वेदीशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. माझा सख्खा भाऊ दोन बाक पुढं बसला होता, घरामागच्या अडीच गुंठ्यांवरून आम्ही दोन वर्षं बोलत नव्हतो आणि चूक बरीचशी माझी होती. रांग आमच्या बाकाला वळसा घालून पुढं गेली, सकाळी डोक्यावरून न्हालेली, नवी पैठणी नेसलेली मी आणि पाळी आलेली ती, दोघी बाकावरच.