विद्यापीठाचा मौखिक इतिहास (गोवा)

विद्यापीठाच्या घडणीत सहभागी असलेल्या व्यक्तींच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्या इतिहासाचे साधन म्हणून जतन करण्याची पद्धती. कुलगुरू, कुलसचिव, प्राध्यापक, ग्रंथालयातील सेवक, माजी विद्यार्थी असे कोणीही निवेदक असू शकतात. विद्यापरिषदेच्या इतिवृत्तात ठराव संमत झाल्याची नोंद सापडते. विरोध कोणाचा होता आणि तो कसा मावळला, हे सहसा सापडत नाही.

पद्धतीचा आरंभ सामान्यतः १९४८ पासून धरतात. त्या वर्षी इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अशा मुलाखतींचे कार्यालय सुरू केले. तथापि १९३०च्या दशकातच अमेरिकेत शासकीय योजनेखाली पूर्वीच्या गुलामांच्या आठवणी टिपून घेण्यात आल्या होत्या. त्यामुळे नेव्हिन्स यांना पद्धतीचे जनक म्हणण्यापेक्षा तिला विद्यापीठात स्थान मिळवून देणारे म्हणणे अधिक योग्य वाटते. मराठी इतिहासलेखनात तोंडी साधनाला मान उशिरा मिळाला. वि. का. राजवाडे यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदपत्रांना प्रमाण मानले. गोव्यात इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांचे कार्यही पुराभिलेखांवरच उभे होते.

गोव्यातील उच्च शिक्षणाचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. जुन्या गोव्यातील जेझुइटांच्या सेंट पॉल महाविद्यालयापर्यंत (सोळावे शतक) काहीजण मागे जातात. काहीजण १८४२ मध्ये पणजीत निघालेल्या वैद्यकीय विद्यालयापासून परंपरा सांगतात. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीचे धेंपे व मडगावचे चौगुले ही महाविद्यालये निघाली, ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. त्याच विद्यापीठाचे पदव्युत्तर अध्यापन व संशोधन केंद्र पुढे पणजीत चालत असे. १९८४ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या गोवा विद्यापीठाचे कामकाज १ जून १९८५ रोजी सुरू झाले आणि केंद्र त्यात विलीन झाले. पहिले कुलगुरू बी. शेख अली हे स्वतः इतिहासकार होते. विद्यापीठाच्या ताळगाव पठारावरील वास्तूंचा आराखडा सतीश गुजराल यांचा. आरंभाविषयीचा हा वाद वरवर औपचारिक दिसला, तरी मुलाखत कोणाची घ्यायची हे त्यावरच ठरते. १९८५ हे वर्ष धरल्यास मुंबईच्या परीक्षांना बसलेली पिढी यादीबाहेर जाते. मौखिक इतिहासापुरती सुरुवात मुक्तीपूर्व लिसेव (पोर्तुगीज माध्यमिक विद्यालय) व वैद्यकीय विद्यालयाच्या अखेरच्या विद्यार्थ्यांपासून करणे इष्ट. त्यांनी ऐंशी ओलांडली असल्याने क्रमही त्यांचाच पहिला लागतो.

निवेदक सन क्वचितच सांगतात. ‘भाऊसाहेब असताना’ (मुख्यमंत्री बांदोडकरांचा काळ, १९६३–७३), ‘सार्वमताच्या वर्षी’ (महाराष्ट्रात विलीनीकरणाविषयीचा कौल, १९६७), ‘चोगमच्या वेळी’ (राष्ट्रकुल राष्ट्रप्रमुखांची परिषद, नोव्हेंबर १९८३), ‘घटकराज्य झाले तेव्हा’ (३० मे १९८७) अशा खुणांनी ते काळ सांगतात. मुलाखतकाराला त्या पाठ असाव्या लागतात. स्मृतीतील चूकही अभ्यासाचा विषय ठरते. इटलीतील तेर्नी येथील कामगार लुइजी त्रास्तुल्ली १९४९ मध्ये मारला गेला. अनेकांनी तो प्रसंग १९५३ मधला म्हणून सांगितला. मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी या चुकीतूनच त्या गावाची सामूहिक जाणीव उलगडून दाखवली. गोवा विद्यापीठाची पहिली वर्षे आणि कोकणी की मराठी या राजभाषेच्या प्रश्नावरचे आंदोलन हे एकाच काळातले. त्यामुळे एकाच बैठकीचे कोकणीवादी व मराठीवादी वृत्तांत जुळण्याची अपेक्षा धरू नये, दोन्ही ठेवावेत. निवेदक एकाच वाक्यात कोकणी, मराठी व पोर्तुगीज मिसळतो. शब्दांकनात ते मिश्रण तसेच राहू द्यावे. प्रमाण मराठीत ‘सुधारलेला’ मजकूर वाचायला सोपा जातो, पण बोलणारा माणूस त्यातून नाहीसा होतो.

कोलंबियात आरंभी शब्दांकन हेच मूळ साधन समजत आणि फिती पुसून पुन्हा वापरत. आज ध्वनीलाच मूळ मानतात. नवे मुद्रण असंपीडित स्वरूपात, किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या प्रमाणाने करतात. एका तासाची एकमार्गी (मोनो) फाइल सुमारे ५२० मेगाबाइट भरते. जुन्या कॅसेटींचा प्रश्न गोव्याच्या हवेत अधिक बिकट आहे. पावसाळ्यातील दमटपणाने फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरते. अशी फीत यंत्रात घातल्यास तिचे बीजाणू पुढच्या फितींना लागतात, म्हणून ती आधी वेगळी काढून स्वच्छ करावी लागते. कॅसेटच्या मागच्या कडेवरील दोन छोट्या पट्ट्या मोडल्या म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे मुद्रण होत नाही. घरोघरच्या कपाटांतील कॅसेटींवर ही साधी खबरदारी बहुधा घेतलेली नसते. कौलांवरच्या पावसाचा आवाज नंतर गाळणे अवघड असल्याने जून ते सप्टेंबर मुलाखती टाळणे बरे.

संमतीपत्रावर निवेदकाची सही घेतात आणि ध्वनिमुद्रण केव्हा खुले करायचे हे त्यात नमूद करतात. मात्र असे वचन कायद्यापुढे टिकेलच असे नाही. अमेरिकेतील बोस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधील संघर्षाविषयीच्या मुलाखती निवेदकाच्या मृत्यूपर्यंत गुप्त ठेवण्याच्या अटीवर घेतल्या होत्या. २०११ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या वतीने त्यांची न्यायालयीन मागणी झाली आणि पुढे त्यांचा काही भाग सुपूर्द करावा लागला. छोट्या राज्यात, जेथे निवेदक, ज्याच्याविषयी तो बोलतो ती व्यक्ती आणि मुलाखतकार एकमेकांचे सोयरे असण्याचा संभव असतो, तेथे ध्वनिमुद्रण खुले करण्यावर काही वर्षांचा प्रतिबंध घालणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. मूळ फाइलीच्या प्रती किमान दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्यात.