बाळाच्या रक्तातलं मोकळं औषध

परळला आमच्या मजल्यावरच्या आजी परवा ट्यूब घेऊन आल्या. "नातवाला दात येतायत, रात्रभर रडतो. तोंड आल्यावर मी लावते ते जेल चोळू का थोडं? वरूनच तर लावायचंय!" बारीक अक्षरांत लिहिलं होतं: लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध. म्हटलं, आजी, मुळीच नको.

हिरडीच्या पातळ, ओल्या अस्तरातून औषध रक्तात उतरतं, उरलेलं लाळेबरोबर पोटात जातं. बेन्झोकेन या अशाच बधिर करणाऱ्या औषधाची जेल दोन वर्षांखालच्या मुलांच्या हिरड्यांना लावू नका, असं अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने २०१८ मध्ये बजावलंय. त्याने हिमोग्लोबिन बिघडून बाळ निळं पडू शकतं. लवंगेचं तेल 'नैसर्गिक' म्हणून लावणंही तितकंच चुकीचं. ते गिळलं गेलं तर यकृताला इजा होऊ शकते.

खरी गोष्ट रक्तात घडते. ही बधिर करणारी औषधं मज्जातंतूंतले सोडियमचे मार्ग बंद करतात, म्हणून वेदनेचा निरोप पुढे जात नाही. पण हृदय आणि मेंदूही याच मार्गांवर चालतात. मोठ्या माणसात बरंचसं औषध अल्फा-१ अ‍ॅसिड ग्लायकोप्रोटीन नावाच्या प्रथिनाला बांधलेलं राहतं, भाऊच्या धक्क्याला होड्या बांधाव्यात तसं. सुटलेली होडीच धडकते. नवजात बाळात हे प्रथिन मोठ्यांच्या निम्म्याहून कमी असतं. ते भरून यायला वर्षभर लागतं. ब्युपिवाकेन हे ऑपरेशनच्या वेळी टोचायचं असंच बधिर करणारं औषध मोठ्यांत सुमारे ९५ टक्के बांधलेलं असतं. समजा, बाळात ९० टक्केच बांधलं गेलं. फरक पाचाचाच दिसतो, पण मोकळं औषध ५ टक्क्यांवरून १० टक्के होतं, म्हणजे थेट दुप्पट! त्यात ते मोडणारी यकृतातली एन्झाइम्सही अजून कच्ची, त्यामुळे पुढचा डोस आधीच्यावर साचत जातो.

म्हणून भूलतज्ज्ञ आधी वजन विचारतात. ब्युपिवाकेनची कमाल मर्यादा किलोमागे साधारण २.५ मिलिग्रॅम, सहा महिन्यांखाली ती ३० ते ५० टक्के कमी करतात. तीन किलोच्या बाळाला निम्म्याने धरली तर ३.७५ मिलिग्रॅम. ०.५ टक्क्याच्या बाटलीतून ते होतं पाऊण मिलिलिटर, ०.२५ टक्क्याच्या बाटलीतून दीड. बाटलीवरचा आकडा वाचायचा राहिला, तर डोस दुप्पट.

रक्तात औषध जास्त झालं, तर मोठा माणूस जीभ बधिर झाली, कानात गुणगुणतंय असं सांगतो. बाळ सांगू शकत नाही. त्याच्यात पहिली खूण थेट आकडी किंवा हृदयाच्या ठोक्यांची गडबड असू शकते. त्यासाठी ऑपरेशन थिएटरमध्ये २० टक्के लिपिड इमल्शन (स्निग्ध पदार्थाचं दुधाळ मिश्रण) हाताशी ठेवतात, किलोला १.५ मिलिलिटर या मापाने शिरेतून द्यायला.

आजींनी ट्यूब फडताळात वर ठेवली आणि थंड पाण्यात भिजवून पिळलेल्या पंचाचं टोक नातवाला चघळायला दिलं.