आई-वडील ‘नाही’ म्हणतात तेव्हा
ज्येष्ठ निवासात जाण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबांसाठी माहिती

मुलगा पुण्यात, लेक गोव्यात आणि खानापूर तालुक्यातल्या घरात ऐंशीला टेकलेली आई एकटी. मोरीत पडली, बीपीच्या गोळ्या कधी दोनदा घेते, कधी विसरते. तरी म्हणते, “मी हितनं कुठंबी जाणार नाही.” ज्येष्ठ निवास, म्हणजे वृद्धांना रोजच्या कामांत मदत मिळते अशी राहण्याची जागा; तिथे जाण्याबाबत आम्ही कुटुंबांना सल्ला देतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागांतून आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांची अडचण थोड्याफार फरकाने हीच असते. “तुम्ही तरी समजावून सांगा,” असं ते म्हणतात. आम्ही समजावण्याआधी ऐकतो.

आमची एकच अट आहे. फसवून न्यायचं असेल तर आम्ही त्या कामात येणार नाही. “दवाखान्यात दाखवून येऊ” म्हणून गाडीत बसवायचं आणि निवासाच्या दारात उतरवायचं, हा सल्ला नातेवाईक सर्रास देतात. त्याने तो दिवस निभतो. पुढे मात्र त्या माणसाला कुणाचाच शब्द खरा वाटत नाही, अगदी गोळी देणाऱ्या नर्सचाही. विस्मरणाचा आजार असेल तर सगळं तपशीलवार सांगून उपयोग नसतो, हे खरं. तेव्हा थोडकं सांगा, पण खरं सांगा: “इथं तुला बघायला माणसं आहेत, मी रविवारी येतो.” आणि रविवारी या.

नकार नेमका कशाला?

“नाही” या एका शब्दामागे प्रत्येक घरात वेगळं कारण असतं. एखाद्या आईला देवघराची काळजी असते: आपल्यामागे दिवा कोण लावणार? वडिलांचा जीव शेतात अडकलेला असतो. वाटेकरी भात नीट लावेल का, बांध कोण बघेल? कुणाला पैशाची धास्ती असते, पण पोराला विचारायचं कसं म्हणून ते गप्प राहतात. भाऊकीत काय बोलतील ही भीती तर सगळ्यांनाच. आणि बऱ्याच जणांना मरण आपल्याच घरात यावं असं वाटतं. हे ऐकायला जड जातं म्हणून मुलं विषय बदलतात. बदलू नका. शेवटच्या आजारात घरी आणायचं का, हे त्यांनाच विचारा आणि त्यांच्यादेखत लिहून ठेवा.

कारण कळलं की अर्धी कामं घरीच होतात. दिव्याची जबाबदारी शेजारच्या वहिनींनी किंवा पुतण्याने घेतली, तेवढ्यावरही आई तयार होऊ शकते. मात्र बोलायला सगळ्या भावंडांनी एकदम जाऊ नका, घेरल्यासारखं होतं. ज्याचं ते ऐकतात त्या एकानेच बोलावं. कधी तो मुलगा नसतो, घरचा डॉक्टर किंवा भजनी मंडळातला सोबती असतो.

रात्री हाक कोणत्या भाषेत मारणार?

निवास बघायला गेलात की खोली, बाग आणि टीव्ही दाखवतात. तुम्ही रात्रपाळीच्या मदतनिसाला भेटा. आपल्या भागातल्या बऱ्याच वृद्धांना बाजारापुरतं कन्नड येतं, पण रात्री दोनला लघवीला उठवायचं असेल किंवा छातीत कसंतरी होत असेल, तर ते मराठीतच बोलणार. विस्मरण वाढलं की नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी सुटते. मराठी समजणारं एक तरी माणूस प्रत्येक पाळीत हवं, असा आमचा आग्रह असतो. मऊ भाकरी आणि आमटी मिळते का, सकाळी मराठी पेपर येतो का, हेही विचारा.

अंघोळ, कपडे, संडास, उठबस, जेवण यांपैकी कशाकशाला मदत लागते ते आधी लिहून काढा. अशा निवासात या कामांना आणि औषधांना मदत मिळते, पण तो दवाखाना नव्हे. सतत नर्सिंग लागत असेल तर वेगळी सोय बघावी लागते.

आधी पावसाळ्यापुरतं

खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत जून ते सप्टेंबर म्हणजे शेवाळलेलं अंगण आणि वारंवार जाणारी वीज. पडण्याचा धोका तेव्हा जास्त. म्हणून पहिला मुक्काम पावसाळ्यापुरता ठेवावा, असं आम्ही सुचवतो. पण गणपतीला घरी आणायचं कबूल केलं असेल तर आणायचंच. परत येता येतं हे एकदा अनुभवलं की पुढचं बोलणं सोपं होतं. त्यानंतरही त्यांनी घरीच राहायचं म्हटलं, तर घरी मदतनीस ठेवण्याची आखणी आम्ही करून देतो.

घर, उतारा, पासबुक

निवासात जाणं आणि मालमत्ता नावावर करणं एकाच सुमारास करू नका. “घर घेतलं आणि मला बाहेर काढलं” असं त्यांना वाटलं, तर ते कुणालाच पुसता येत नाही. घराची एक किल्ली त्यांच्याकडेच असू द्या. बक्षीसपत्र करायचंच असेल, तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार अशी अट मोडली तर ते रद्द करून घेण्यासाठी आई-वडिलांना प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं. आई रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख असेल आणि कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये तिच्या खात्यावर येत असतील, तर पासबुक तिच्याजवळच राहू द्या.

निवासाचा करार बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो. सही आई-वडील करणार असतील, तर आधी तो त्यांना मराठीत वाचून दाखवा. हे काम आम्ही करतो. अनामत कधी परत मिळते, दरवाढ कशी होते, दवाखान्यात न्यायची वेळ आली तर सोबत कोण जातं, या तीन कलमांवर अडून बसा.

आमची फी कुटुंबाकडून असते. कुठल्याही निवासाकडून आम्ही कमिशन घेत नाही. पहिली भेट आई-वडिलांच्या घरी, त्यांच्या सोयीच्या वेळी होते. चालू औषधांच्या चिठ्ठ्या, शेवटचा डिस्चार्ज कागद आणि आधार कार्डाची प्रत काढून ठेवा, आणि आम्ही कशासाठी येतोय ते त्यांना आदल्या दिवशीच सांगा. आम्हाला न विचारता कुणाशी बोलायचं असेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. तो नंबर त्यांच्या फोनमध्ये घालून द्या.