संजय दत्तला शिक्षा झाली ती बॉम्बस्फोटासाठी नव्हे

‘मुंबई बॉम्बस्फोटात संजय दत्तला शिक्षा झाली’ हे वाक्य कट्ट्यावर आजही बिनदिक्कत ठोकून दिलं जातं. खटला तोच होता, म्हणून घोटाळा होतो.

एप्रिल १९९३ मध्ये अटक झाली तेव्हा ‘टाडा’ हा दहशतवादविरोधी कायदा लागला होता, हे खरं. पण नोव्हेंबर २००६ मध्ये विशेष टाडा न्यायालयाने त्याला कटाच्या आणि दहशतवादाच्या आरोपांतून मुक्त केलं. उरला शस्त्रास्त्र कायदा: एके-५६ रायफल आणि ९ एमएमचं पिस्तूल बेकायदा बाळगणं. घरच्यांच्या संरक्षणासाठी रायफल घेतली, हे टाडा न्यायालयाने मानलं, पण त्याने बेकायदा शस्त्राचा गुन्हा पुसला गेला नाही. ही चूकही काही लहानसहान नव्हे, अधिसूचित (सरकारने तसं जाहीर केलेल्या) भागात अशी बंदूक ठेवणं गंभीरच. २००७ मध्ये सहा वर्षं ठोठावली, मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाचवर आणली.

आणि ‘स्टार म्हणून लवकर सुटला’? आधी तुरुंगात काढलेलं सुमारे दीड वर्ष वजा झालं, चांगल्या वर्तनासाठी शिक्षेत सूटही मिळाली. २५ फेब्रुवारी २०१६ ला येरवड्यातून बाहेर पडताना त्याने मागे वळून तिरंग्याला सलाम केला. शिक्षेदरम्यान मिळालेल्या पॅरोल-फर्लोवरून (कैद्याला तुरुंगाबाहेर जाण्यासाठी मिळणाऱ्या रजेवरून) ओरड झाली, याचिकाही झाली. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती फेटाळली.