शोधनिबंधांची मोजदाद आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१७ची नियतकालिकांची यादी : पार्श्वभूमी

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात जिल्हा पुरवण्यांमध्ये एक बातमी ठरलेली असते : अमुक महाविद्यालयाचे प्राध्यापक ‘जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत’. ही यादी २०१९पासून प्रसिद्ध होते आहे. तिचा आधार स्कोपस या शोधनिबंधांच्या आंतरराष्ट्रीय सूचीतल्या नोंदी, आणि तिच्यात विज्ञानाची २२ क्षेत्रे व १७४ उपक्षेत्रे पाडलेली आहेत. हे विभाजन हौसेखातर केलेले नाही. गणितातला चांगला निबंध वर्षानुवर्षे इतरांच्या निबंधांतल्या चार-दोन उल्लेखांवर असतो, जीववैद्यकातला सहा महिन्यांत पन्नाशी गाठू शकतो. दोघांना एका रांगेत उभे करणे अन्यायाचे, म्हणून ज्याची त्याची तुलना त्याच्या उपक्षेत्रात. शिवाय याद्या दोन असतात, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि एक केवळ एका वर्षातल्या उल्लेखांची. बातमीत यातली कोणती ते क्वचितच लिहिलेले असते.

मोजणीचा उगम थोडक्यात. उल्लेखांची सूची ही कल्पना अमेरिकेतल्या वकिलांची. जुना निकाल पुढे कोणत्या खटल्यात टिकला आणि कुठे फिरवला गेला हे पाहण्याची सोय त्यांच्याकडे १८७३पासून होती. विज्ञानासाठी तसेच काही करावे, म्हणजे सदोष किंवा कालबाह्य निबंध आंधळेपणाने उद्धृत होणार नाहीत, असा प्रस्ताव १९५५ साली आला आणि १९६०च्या दशकात सूची छापून निघू लागली. नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या निबंधांना मिळणाऱ्या उल्लेखांची सरासरी, वार्षिक अहवालाच्या रूपात १९७५च्या सुमारास आला. एच-इंडेक्स, म्हणजे एका संशोधकाचे किती निबंध किमान तितक्याच वेळा उल्लेखले गेले तो आकडा, २००५चा. तो सुचवणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने जीवशास्त्रातले आकडे भौतिकशास्त्रापेक्षा वरचे असतात हे त्याच निबंधात नमूद केले होते. वापरणाऱ्यांनी तेवढे वगळले.

आपल्याकडे हे सारे खऱ्या अर्थाने आले विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमावलीतून, आणि आले ते थेट प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या फायलीत. एपीआय (शैक्षणिक कामगिरीचे गुण) हा शब्द तेव्हापासून प्रत्येक स्टाफरूममध्ये रुळला. परीक्षित, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासून छापणाऱ्या, नियतकालिकातल्या निबंधाला १५ गुण, अपरीक्षित पण आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) असलेल्यातल्याला १०, परिषदेच्या प्रोसिडिंगमधल्यालाही १०. थेट भरतीत सहयोगी प्राध्यापकाला ३०० आणि प्राध्यापकाला ४०० गुण लागत. शिवाय २००९पासून पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी एक निबंध छापून आणणे सक्तीचे झालेच होते. पुढे काय घडले ते कॅसची (पदोन्नती योजनेची) फाईल भरलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. एकदिवसीय राष्ट्रीय परिषदा, नोंदणी शुल्कातच निबंधाची छपाई, सकाळच्या चहासोबत हातात पडणारा चारशे पानांचा विशेषांक. ‘आयएसएसएन आहे ना?’ हा एकच प्रश्न विचारला जाई. तो क्रमांक नियतकालिकाची फक्त ओळख पटवतो, दर्जाशी त्याचा संबंध नाही, हे बहुतेक छाननी समित्यांनी कानाआड केले. २०१३मध्ये संशोधनाच्या प्रत्येक उपगटाला (निबंध, पुस्तके, प्रकल्प वगैरे) एकूण गुणांत कमाल वाटा ठरवून दिला गेला. त्याने फायलींचा आकार बदलला, मजकूर तोच राहिला.

मग २०१६मध्ये ठरले की आयोगाच्या यादीत असलेल्या नियतकालिकांनाच गुण मिळतील. यादी जानेवारी २०१७मध्ये आली : ३८,६५३ नावे. मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचींमधली नावे त्यात आपोआप आली. प्रश्न होता उरलेल्यांचा, म्हणजे भारतीय भाषांतली, मानव्यविद्यांची, छोट्या संस्थांची नियतकालिके. त्यांची नावे विद्यापीठांकडून मागवली गेली, आणि या दारातून कोण आले ते वर्षभरातच दिसले. पुण्यातल्या अभ्यासकांनी २०१८च्या मार्चमध्ये विद्यापीठांनी सुचवलेल्या नोंदींची तपासणी प्रसिद्ध केली. तपासलेल्या हजारेक नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकषांवर टिकत नव्हती; कुठे पत्ता खोटा, कुठे संपादक मंडळाची माहिती अपुरी, कुठे इम्पॅक्ट फॅक्टरचा दावा बनावट. मे महिन्यात ४,३०५ नावे एका फटक्यात काढली गेली.

यादी करण्याच्या निर्णयाला अनेकांचा तात्त्विक विरोध होता : दर्जा ठरवणे त्या विषयाच्या जाणकारांचे काम, कार्यालयाचे नव्हे. विरोध बरोबर होता, पण २०१०नंतरची सात वर्षे हे काम जाणकारांच्याच हाती होते आणि त्यांनी ते केले नाही, हेही तितकेच खरे. छाननी समितीवर बसलेल्या विषयतज्ज्ञाला निबंध वाचायला वेळ नसतो. गुण मोजायला दहा मिनिटे पुरतात. यादीने हीच सवय पक्की केली. निबंध कशावर आहे याऐवजी तो कुठल्या अनुक्रमांकावर आहे, एवढेच पाहिले जाऊ लागले. ज्यांचे निबंध कालपर्यंत ग्राह्य होते आणि मे २०१८नंतर संशयास्पद ठरले, त्यांची अवस्था सर्वांत वाईट झाली. दोष यादीचा, आणि खुलासे करायचे उमेदवाराने.

जुलै २०१८च्या नव्या नियमावलीत गुणांची पुनर्रचना झाली. विज्ञान-अभियांत्रिकीच्या निबंधाला ८, भाषा-मानव्यविद्यांना १०, आणि इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वाढीव ३०पर्यंत. सहलेखनाचे गणित मात्र चक्रावणारे आहे. पूर्वी मुख्य लेखकांना मिळून ६० टक्के आणि बाकीच्यांत ४० टक्के वाटून, म्हणजे बेरीज शंभर. आता दोघांनी लिहिले तर प्रत्येकाला ७० टक्के; त्याहून अधिक असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकी प्रत्येकाला ३०. दहा लेखकांच्या एका निबंधातून ३४० टक्के गुण वाटले जातात. एकट्याने लिहिणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकाला ही सोय नाही, आणि इम्पॅक्ट फॅक्टरची वाढही त्याच्या वाट्याला सहसा येत नाही. दोन गुण जास्त दिले म्हणून समतोल साधला असे मानणे भाबडेपणाचे आहे. एखाद्या शिलालेखाचे अचूक वाचन पन्नास वर्षे मराठी पुस्तकांच्या तळटीपांत उद्धृत होत राहते. त्यातली एकही तळटीप स्कोपसला दिसत नाही.

जून २०१९पासून जुन्या यादीची जागा आयोगाच्याच ‘केअर’ या नव्या यादीने घेतली. तिचे काम पुण्यातल्या विद्यापीठातल्या कक्षाकडे आले. छाननी कडक होती. भारतीय भाषांतल्या नियतकालिकांनाही निकष पूर्ण केल्यावर जागा मिळत होती. लगेच नवा धंदा सुरू झाला : यादीतल्या नियतकालिकाच्या नावाने हुबेहूब संकेतस्थळ काढून पैसे घेऊन निबंध छापणे. कक्षाला अशा नकलांचे इशारे पुन्हा पुन्हा द्यावे लागले.

२०२२च्या नियमांनी पीएच.डी.पूर्वीच्या निबंधाची सक्ती काढली. फेब्रुवारी २०२५मध्ये केअर यादीही बंद झाल्याचे जाहीर झाले. तिच्याऐवजी मार्गदर्शक निकष दिले गेले आणि नियतकालिक पारखण्याची यंत्रणा प्रत्येक संस्थेने स्वतः उभी करायची आहे. म्हणजे २०१७मध्ये नावे सुचवताना ज्यांची पारख चुकली, त्याच विद्यापीठांकडे आता पूर्ण अधिकार आहेत.