पिकअप ट्रकच्या केबिनमधलं तळाचं अस्तर

जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये मॅट किंवा कार्पेटखाली, तळाच्या पत्र्यावर जे थर असतात ते सगळे मिळून तळाचं अस्तर. कारखान्यातून गाडी निघायची तेव्हा त्यात सहसा दोनच गोष्टी असायच्या, पत्र्याला गरम करून चिकटवलेले डांबरी पट्टे आणि वर तागाचा किंवा चिंध्या पिंजून केलेला नमदा. निव्वळ कामाच्या गाड्यांना तर बऱ्याचदा रबरी मॅट आणि तिच्या खाली नमदा एवढंच.

हे सगळे थर एकच काम करतात असं धरून लोक एकच मटेरियल सगळीकडे लावतात, तिथेच चुकतं. पत्र्याची थरथर मारणं हे डॅम्पिंगचं काम, ते डांबर नाहीतर ब्युटाइल रबर करतं. बाहेरचा आवाज अडवायला मात्र वजन लागतं, म्हणून जड व्हिनाइल, जे साधारण 3 मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे 5 किलोच्या आसपास भरतं. वस्तुमान दुप्पट केलं की हिशोबाने जेमतेम 6 डेसिबल कमी होतात, आणि चादरीत फट राहिली तर तेही हातचं जातं. उष्णतेला नमदा किंवा बंद पेशींचा फोम. चकचकीत फॉइल उष्णता परतवते हे खरं, पण समोर हवेची पोकळी असेल तरच, कार्पेटखाली दाबून टाकली की तो गुण संपला.

ब्युटाइल आणि त्यावर ॲल्युमिनियम फॉइल ही आजची जोडी नेमकी कुठून आली यावर मतं वेगळी आहेत. स्वॅलो यांच्या 1939 च्या ब्रिटिश पेटंटला काही अभ्यासक पहिला मान देतात. 1952 च्या सुमारास जर्मनीत ओबर्स्ट यांनी पत्र्यावरच्या नुसत्या थराचा अभ्यास मांडला, तिथे पत्रा वाकला की थर ताणला-दाबला जातो आणि त्यात कंपन मरतं. गाडीतले डांबरी पट्टे याच जातीचे, म्हणून ते जाड असावे लागतात. मग 1959 मध्ये अमेरिकेत एडवर्ड कर्विन यांनी ध्वनिशास्त्राच्या जर्नलमध्ये दाखवलं की वर एक ताठ पातळ थर बसवला तर मधलं चिकट मटेरियल ताणलं न जाता कातरलं जातं, वरचा ताठ थर (इथे फॉइल) आणि खालचा पत्रा एकमेकांवर सरकायला बघतात आणि त्या ओढाताणीत कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन जाते. कल्पना आधीची असेलही, पण फॉइल ही सजावट नाही, तीच काम करून घेते, हा हिशोब कर्विन यांच्याकडूनच नीट कळतो. म्हणूनच अख्खा तळ मढवायची गरज नसते, पत्र्याच्या मोकळ्या मधल्या भागात तुकडे लावले तरी बराचसा फायदा मिळतो. बोटाच्या पेराने ठोकून बघायचं, आधी ठण्ण वाजणारा पत्रा थप्प वाजला की पुरे. रोलर जोरात फिरवून फॉइलवरचे उठाव सपाट व्हायला हवेत, नाहीतर खाली हवा राहते. छपरासाठीची डांबरी चिकटपट्टी स्वस्त पडते पण उन्हात मऊ होऊन वास सोडते, ती नकोच.

जुनं डांबर काढायला कोरडा बर्फ सगळ्यात सोयीचा, उणे 78 अंशांवर ते काचेसारखं ठिसूळ होतं आणि हातोडीने टिचतं. काम खिडक्या-दारं उघडी ठेवूनच, बंद केबिनमध्ये कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ते जीवावर बेततं. फार जुन्या गाड्यांच्या काही थरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, शंका असेल तर आधी तपासून घ्यायचं, कोरडं खरवडायचं नाही.

खरा शत्रू पाणी. नमद्याचा कोपरा उचलला की कुबट वास येतो, मुठीत पिळला तर तपकिरी पाणी निथळतं आणि खाली सीटच्या बोल्टांभोवती गंजाचे फोड आलेले असतात. पाणी बहुतेक वेळा पुढच्या काचेच्या रबरातून, काचेखालच्या जाळीतून किंवा हीटरच्या गळतीतून येतं. हीटरचं पाणी गोडसर वासाचं आणि चिकट लागतं, त्यावरून ओळखू येतं. गळती बंद केल्याशिवाय नवीन अस्तर टाकणं म्हणजे गंजावर पांघरूण घालणं, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. गंज घासून, पत्रा रंगवून, पूर्ण सुकल्यावर अल्कोहोलने पुसला की मगच ब्युटाइल धरतं.

परत जोडताना सीटबेल्टच्या बोल्टखाली कुठलाही मऊ थर ठेवायचा नाही, तिथे लोखंडाला लोखंडच टेकलं पाहिजे. नवीन थर जुन्यापेक्षा जाड झाला तर ॲक्सिलरेटर खाली पूर्ण जात नाही किंवा कार्पेटच्या कडेत अडकून दाबलेलाच राहतो, म्हणून इंजिन बंद ठेवून तो पायाने चार-पाच वेळा तळापर्यंत दाबून, सोडून बघायचा.